कंपनीच्या नेटवर्कवरील सॉफ्टवेअर परवाने: मर्यादा कशा ओळखाव्यात, मोजाव्यात आणि पाळाव्यात

कंपनीच्या नेटवर्कवर एखादे सॉफ्टवेअर बिनतक्रार चालते आहे म्हणजे ते तिथे चालवण्याचा आपल्याला हक्क आहे, असा समज मुंबईतल्या लहान आणि मध्यम कंपन्यांमध्ये फार खोलवर रुजलेला आहे. अंधेरीच्या एखाद्या ऑफिसातला विंडोज सर्व्हर चाळीस जणांना लॉगइन करू देतो, त्यांच्या फाइली सांभाळतो, प्रिंटरकडे कामे पाठवतो. परंतु त्या चाळीस जणांसाठी लागणारी क्लायंट अ‍ॅक्सेस लायसन्स, ज्यांना सगळे जण ‘कॅल’ म्हणतात, ती कंपनीने घेतली आहेत की नाहीत, हे तो कधीही विचारत नाही. विचारणा होते ती उत्पादक कंपनीच्या पत्राने, आणि तोपर्यंत बरीच वर्षे उलटलेली असतात. परवान्याच्या मर्यादा कुठे लिहिलेल्या असतात, त्या कोणत्या मापाने मोजल्या जातात आणि आपल्या नेटवर्कशी त्यांचा ताळमेळ कसा घालायचा, हे या मार्गदर्शिकेत मांडले आहे. ती प्रामुख्याने सिस्टीम अ‍ॅडमिनसाठी आहे, पण खरेदी आणि अकाउंट्स विभागातल्या मंडळींनीही ती वाचावी, असे मला मनापासून वाटते. या कामातला अर्धा पुरावा त्यांच्याच कपाटात असतो.

आपल्या हातात नेमके काय येते

भारतात संगणक प्रोग्रॅम हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीत मोडतो. त्याच्या प्रती काढण्याचा हक्क मालकाकडेच राहतो आणि आपल्याला मिळते ती काही अटींवर वापरण्याची परवानगी. सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ रोजी ‘इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स’ या कंपनीच्या खटल्यात हा भेद स्पष्ट केला. तो खटला परदेशी पुरवठादारांना दिलेल्या रकमेवरील आयकराचा होता, पण त्यातला मुद्दा आपल्या कामाचा आहे: वापरकर्त्याला प्रोग्रॅमची प्रत वापरायला मिळते, कॉपीराइटमधला कोणताही हिस्सा मिळत नाही.

कायद्याच्या ५२ व्या कलमात एक उपयुक्त अपवाद आहे. ज्याच्याकडे कायदेशीर प्रत आहे, त्याला ती ज्या कामासाठी दिली गेली त्या कामापुरती, तसेच मूळ प्रत नष्ट किंवा खराब होऊ नये म्हणून तात्पुरती राखीव, अशी प्रत करता येते. रोजचा बॅकअप यात बसतो. मात्र तीच राखीव प्रत दुसऱ्या मशीनवर सुरू करून तिच्यावर दोन माणसे काम करू लागली, तर ती राखीव राहिली नाही आणि अपवादही संपला. आपत्तीच्या वेळी वापरायचा पर्यायी सर्व्हर नवी मुंबईत उभा करणाऱ्या कंपन्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. बंद ठेवलेला सर्व्हर आणि कायम चालू ठेवलेला सर्व्हर यांच्यात अनेक करार फरक करतात, आणि चालू असलेल्यासाठी बहुधा वेगळा परवाना लागतो.

सुरुवात बिलांपासून करावी

बहुतेक अ‍ॅडमिन पहिल्यांदा नेटवर्क स्कॅन करतात आणि मग बिले शोधू लागतात. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. आधी बिले, करार, ईमेलने आलेली परवाना प्रमाणपत्रे आणि उत्पादकाच्या पोर्टलवरील नोंदी एकत्र कराव्यात, कारण काय शोधायचे हे त्यांच्यावरूनच कळते.

मुंबईत अ‍ॅसेम्बल्ड संगणक घ्यायचा म्हटले की आजही अनेकांची पावले लॅमिंग्टन रोडकडे वळतात. तिथून किंवा अन्य कुठल्याही डीलरकडून मशीन घेताना बिलावर ‘अ‍ॅसेम्बल्ड पीसी, १ नग’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्या मशीनवर विंडोज सुरू होत असले तरी आपल्याकडे त्याचा कागद नाही. बिलावर सॉफ्टवेअरची ओळ स्वतंत्र मागावी. तिच्यात पूर्ण नाव, आवृत्ती, परवान्याचा प्रकार आणि संख्या असावी. कॅबिनेटवर चिकटवलेला स्टिकर हा पुराव्याचा एक भाग झाला. बिलाशिवाय तो एकटा पुरा पडेल असे गृहीत धरू नये.

परवान्याचा प्रकार महत्त्वाचा आहे, कारण त्यावर पुढची सगळी हालचाल अवलंबून असते. मशीनसोबत आलेले ओईएम विंडोज त्याच मशीनला जन्मभर बांधलेले असते. मशीन भंगारात गेले की परवानाही गेला. रिटेल परवाना जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतो. व्हॉल्यूम परवाना, म्हणजे घाऊक योजनेत घेतलेला, कंपनीच्या नावावर असतो, पण त्यात एक मोठा खड्डा आहे आणि तो मी वारंवार पाहतो. व्हॉल्यूम योजनेत मिळणारा डेस्कटॉप विंडोजचा परवाना हा अपग्रेडचा असतो. मशीनवर आधीपासून पात्र असे मूळ विंडोज, म्हणजे साधारणपणे प्रो, असायला हवे. विंडोजशिवाय घेतलेल्या पन्नास मशीनवर पन्नास व्हॉल्यूम परवाने टाकले, पैसे भरले, सगळी मशीन अ‍ॅक्टिव्हेट झाली, तरी त्यातले एकही मशीन परवान्यात बसत नाही. होम आवृत्तीही मूळ म्हणून धरली जात नाही. शिवाय ती डोमेनला, म्हणजे कंपनीच्या मध्यवर्ती लॉगइन व्यवस्थेला, जोडता येत नाही, त्यामुळे कंपनीच्या नेटवर्कवर तिचा फारसा उपयोगही नाही.

ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणाऱ्या ‘की’, म्हणजे सॉफ्टवेअर सुरू करण्याचे सांकेतिक क्रमांक, याच कारणाने टाळाव्यात. त्यांतल्या बऱ्याच की दुसऱ्याच कुठल्या संस्थेच्या व्हॉल्यूम करारातून बाहेर पडलेल्या असतात. की स्वीकारली जाते, अ‍ॅक्टिव्हेशन होते, पण तो परवाना आपल्या कंपनीचा होत नाही. अ‍ॅक्टिव्हेशन ही तांत्रिक तपासणी आहे आणि परवाना हा करार आहे. नेटवर्कवरच्या मशीन अ‍ॅक्टिव्हेट करून देणाऱ्या केएमएस सर्व्हरचेच पाहा. मोजणीत किमान २५ डेस्कटॉप किंवा ५ सर्व्हर दिसल्याशिवाय तो त्या त्या प्रकारच्या मशीन अ‍ॅक्टिव्हेट करत नाही, आणि एकदा अ‍ॅक्टिव्हेट झालेल्या मशीनचे अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवस टिकते. पण आपण शंभर परवाने घेतले आणि दीडशे मशीन लावली, तरी तो दीडशेही मशीन आनंदाने अ‍ॅक्टिव्हेट करील.

जमवलेले कागद एका एक्सेल नोंदवहीत उतरवावेत: उत्पादन, आवृत्ती, परवान्याचा प्रकार, मोजण्याचे माप, संख्या, बिलाचा क्रमांक आणि तारीख, नूतनीकरणाची तारीख, कराराची प्रत कुठे आहे तो फोल्डर. ‘मोजण्याचे माप’ हा रकाना कोणी ठेवत नाही, आणि गोंधळ नेमका तिथूनच सुरू होतो.

मोजायचे कशाने

सॉफ्टवेअर मोजण्याची मापे मुख्यतः चार: मशीनगणिक, माणसागणिक, एकाच वेळी चालणाऱ्या वापरांगणिक आणि प्रोसेसरच्या कोअरगणिक (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग). एकाच ऑफिसात ही चारही मापे शेजारी शेजारी नांदत असतात.

विंडोज सर्व्हर कोअरने मोजला जातो. प्रत्येक प्रोसेसरमागे किमान ८ आणि प्रत्येक सर्व्हरमागे किमान १६ कोअरचे परवाने घ्यावेच लागतात, प्रत्यक्षात कोअर कमी असले तरीही. स्टँडर्ड आवृत्तीत सर्व्हरच्या सगळ्या कोअरचे परवाने एकदा घेतले की त्यावर दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, चालवता येतात. तिसरे आणि चौथे चालवायचे असेल तर सगळ्या कोअरचे परवाने पुन्हा एकदा घ्यावे लागतात. व्हर्च्युअल मशीन बनवणाऱ्या हायपर-व्हीमध्ये तिसरे मशीन बनवायला दोन मिनिटे लागतात आणि कोणी अडवत नाही, म्हणून ही मर्यादा सर्वाधिक मोडली जाते. व्हर्च्युअल मशीन खूप असतील तर डेटासेंटर आवृत्तीचा हिशेब मांडून पाहावा.

सर्व्हरचा परवाना झाला की कॅल. त्या सर्व्हरच्या सेवा वापरणाऱ्या प्रत्येक माणसासाठी किंवा प्रत्येक उपकरणासाठी एक कॅल लागते, आणि माणूस की उपकरण हे आपण निवडायचे असते. मालाडच्या एखाद्या कॉल सेंटरमध्ये तीन पाळ्यांत शंभर खुर्च्यांवर तीनशे माणसे बसत असतील, तर उपकरणागणिक शंभर कॅल पुरतात. माणसागणिक घेतली तर तीनशे लागतील. याउलट बीकेसीतल्या सल्लागार कंपनीत प्रत्येकाकडे लॅपटॉप, टॅब आणि फोन असेल, तर माणसागणिक कॅल घेणेच शहाणपणाचे. नव्या आवृत्तीची कॅल जुन्या सर्व्हरला चालते, पण जुनी कॅल नव्या सर्व्हरला चालत नाही. त्यामुळे २०१९ चा सर्व्हर बदलून २०२२ चा लावताना कॅलचा खर्च वेगळा धरावा. मध्ये एखादे वेब अ‍ॅप्लिकेशन ठेवून सगळ्यांना एकाच खात्याने सर्व्हरपर्यंत नेले म्हणजे एकच कॅल लागेल, हा युक्तिवाद मायक्रोसॉफ्टच्या अटींत टिकत नाही. मोजणी पलीकडच्या टोकाला बसलेल्या माणसांची होते.

सर्व्हर न घेता एका विंडोज प्रो मशीनवरच फाइली शेअर करणारी लहान ऑफिसे पुष्कळ आहेत, आणि त्यात बेकायदा काही नाही. मात्र तिथे एकाच वेळी जास्तीत जास्त २० उपकरणांना जोडण्याची मुभा आहे.

टॅलीचे माप सोपे आहे आणि ते बहुतेकांना ठाऊक असते: सिल्व्हर एका वापरकर्त्यासाठी, गोल्ड एका लॅनवरच्या, म्हणजे एका ऑफिसच्या अंतर्गत नेटवर्कवरच्या, अनेक वापरकर्त्यांसाठी. अडचण शाखांच्या बाबतीत येते. भिवंडीच्या गोदामात बसलेला माणूस दादरच्या ऑफिसच्या लॅनवर नाही, त्यामुळे त्याची सोय कोणत्या परवान्याने करायची, हे टॅलीच्या पार्टनरकडून लेखी घ्यावे.

डेटाबेसच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची डेव्हलपर आवृत्ती मोफत आहे, पण ती फक्त विकास आणि चाचणीसाठी. रोजच्या व्यवहारांचा डेटा तिच्यावर ठेवता येत नाही. ऑरॅकल डेटाबेस प्रोसेसरवर मोजला जात असेल आणि तो व्हीएमवेअरच्या व्हर्च्युअल मशीनवर चालत असेल, तर व्हर्च्युअल मशीनला दिलेले कोअर ऑरॅकल ग्राह्य धरत नाही. भौतिक सर्व्हरचे, आणि प्रसंगी एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या पूर्ण समूहाचे (क्लस्टरचे), कोअर मोजले जातात. करार करण्यापूर्वी याचा खुलासा झाला नाही, तर पुढे निघणारा आकडा लहान कंपनीला झेपण्याजोगा नसतो.

लोकल बंद पडते त्या दिवशी

मुंबईच्या ऑफिसांना एक प्रश्न दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पडतो. रुळांवर पाणी साचते, लोकल थांबतात, आणि सकाळी नऊच्या सुमारास मालकाचा फोन येतो की आज सगळ्यांना घरून काम करू द्या. अ‍ॅडमिन घाईघाईने रिमोट डेस्कटॉप उघडून देतो. त्या दिवसापुरती केलेली ती सोय मग कायमची होते, आणि परवान्याचे जवळजवळ सगळे प्रश्न तिच्यात एकत्र येतात. म्हणून ती पावसाळ्याआधी, शांतपणे बसून आखावी.

ऑफिसातल्या आपल्याच विंडोज प्रो मशीनवर एका माणसाने व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित जोडणीने, येऊन काम करणे साधे आहे. एका मशीनवर एका वेळी एक माणूस, ही तिथली मर्यादा. पण अनेक लहान ऑफिसांत, विशेषतः हिशेबनिसांच्या ऑफिसांत, विंडोज प्रोमधली सिस्टीम फाइल बदलून एकाच मशीनवर पाच-सहा जणांना एकाच वेळी बसवले जाते आणि त्यावर सगळे टॅली वापरतात. ही तडजोड कोणत्याही परवान्यात बसत नाही. शिवाय पुढचे विंडोज अपडेट आले की ती मोडते आणि मग अपडेटच बंद ठेवले जातात. इंटरनेटवर उघड्या असलेल्या, अपडेट नसलेल्या मशीनवर कंपनीचे सगळे हिशेब ठेवणे ही परवान्यापेक्षाही मोठी जोखीम आहे.

योग्य मार्ग म्हणजे विंडोज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस (आरडीएस). त्यासाठी नेहमीच्या कॅलखेरीज आरडीएस कॅल वेगळी घ्यावी लागते. सुरुवातीला १२० दिवसांची सवलत मिळते, आणि ती संपली की जोडणी नाकारली जाते. सर्व्हरच्या देखभालीसाठी दोन अ‍ॅडमिन जोडण्या आरडीएस कॅलशिवाय चालतात, पण त्या देखभालीसाठीच आहेत. त्यांवरून कोणी पगारपत्रके बनवू नयेत.

त्या सर्व्हरवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस टाकायचे असेल तर अधिक जपून पावले टाकावीत. एकरकमी घेतलेले रिटेल ऑफिस अशा सामायिक सर्व्हरवर चालवता येत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या बिझनेस प्रीमियम योजनेत सामायिक संगणकावरील अ‍ॅक्टिव्हेशनची सोय आहे, बिझनेस स्टँडर्डमध्ये नाही. व्हॉल्यूम योजनेतले ऑफिस मशीनगणिक मोजले जाते, आणि इथे मशीन म्हणजे सर्व्हर नव्हे, तर ज्यावरून माणूस त्यापर्यंत पोहोचतो ते उपकरण. डोंबिवलीच्या घरातला स्वतःचा लॅपटॉप वापरून कर्मचारी सर्व्हरवरचे एक्सेल उघडतो, तेव्हा तो लॅपटॉप मोजणीत येतो. अटींचे हे वाचन पुष्कळांना अन्यायकारक वाटते, आणि मलाही ते ताणलेले वाटते. पण सही केलेल्या करारात तसे असेल तर नियोजन तसेच करायला हवे. माणसागणिक परवाना घेतला की हा प्रश्न बहुतांशी मिटतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ऑफिसचा परवाना असलेल्या माणसाला ते पाच संगणकांवर, पाच टॅबवर आणि पाच फोनवर बसवता येते.

लायसन्स सर्व्हर सांभाळणे

वास्तुविशारद, अभियांत्रिकी सल्लागार आणि संशोधन विभाग यांच्याकडे फ्लोटिंग परवाने असतात. दहा माणसांत सहा परवाने, आणि ज्याला गरज आहे त्याने सर्व्हरवरून घ्यावा, काम झाले की परत करावा. मॅटलॅब, अ‍ॅन्सिस आणि अशी पुष्कळ महागडी सॉफ्टवेअरे यासाठी फ्लेक्सनेट ही व्यवस्था वापरतात. ऑटोडेस्कने मात्र २०२० पासून आपले नेटवर्क परवाने मागे घेत ग्राहकांना नावनिहाय वर्गणीकडे वळवले. त्यामुळे ऑटोकॅडचे एकच लॉगइन दोन पाळ्यांतल्या दोन ड्राफ्ट्समननी वापरणे आता थेट कराराचा भंग ठरते.

फ्लेक्सनेटची परवाना फाइल नोटपॅडमध्ये उघडून वाचावी. ती साधी मजकुराची फाइल आहे आणि तिच्याइतका प्रामाणिक दस्तऐवज दुसरा नाही. पहिल्या ओळीत लायसन्स सर्व्हरचे नाव असते, त्यापुढे बहुधा त्याच्या नेटवर्क कार्डाचा बारा अक्षरांचा पत्ता, आणि शेवटी पोर्ट. पोर्ट दिलेला नसेल तर २७००० ते २७००९ यांपैकी मोकळा असलेला घेतला जातो. दुसऱ्या ओळीत उत्पादकाच्या स्वतःच्या डेमनचे, म्हणजे परवाने वाटणाऱ्या पडद्यामागच्या प्रोग्रॅमचे, नाव असते. त्याखाली प्रत्येक सुविधेसाठी एकेक ओळ: सुविधेचे नाव, आवृत्ती, मुदत संपण्याची तारीख, परवान्यांची संख्या, आणि शेवटी ती ओळ कोणी बदलू नये म्हणून घातलेली लांबलचक सही. संख्येच्या जागी सहा आहे की आठ, मुदत कायमची आहे की ३१ मार्चची, हे पाहून आपल्या नोंदवहीशी जुळवावे. विक्रेत्याने बिलात आठ लिहिले आणि फाइलमध्ये सहाच आले, असे होऊ शकते. ते खरेदीच्या आठवड्यात लक्षात आले तर लगेच दुरुस्त होते.

दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांना परवाना मिळत नाही, अशी तक्रार आली तर परवाने संपले असे लगेच समजू नये. उत्पादकाच्या डेमनला स्थिर पोर्ट दिलेला नसेल, तर सर्व्हर सुरू होताना तो कोणताही पोर्ट पकडतो, आणि दोन व्हीलॅनमधली, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागांमधली, फायरवॉल तो अडवते. परवाना फाइलमधील डेमनच्या ओळीत पोर्ट लिहून टाकावा आणि फायरवॉलमध्ये दोन्ही पोर्ट उघडावेत.

त्याउलट परवाने खरोखर संपत असतील, तर खरेदीचा प्रस्ताव लिहिण्याआधी सर्व्हरचा लॉग पाहावा. तिथे कोणी केव्हा परवाना घेतला, केव्हा परत केला आणि कोणाला नाकारला गेला, याची वेळेसह नोंद असते. महिनाभराच्या नकारांची वेळ काढली की चित्र दिसू लागते. समजा प्रभादेवीच्या एका ऑफिसात सगळे नकार दुपारी एक ते अडीच या वेळात येत आहेत. याचा अर्थ सकाळी आलेली मंडळी सॉफ्टवेअर उघडे ठेवून जेवायला जात आहेत आणि उशिरा आलेल्यांना जागा मिळत नाही. इथे सातवा परवाना घेण्याची गरज नाही. लायसन्स सर्व्हरच्या ऑप्शन्स फाइलमध्ये निष्क्रिय राहिलेला परवाना ठरावीक वेळाने परत घेण्याची सोय असते. किती कमी वेळ ठेवता येईल यावर उत्पादकाची मर्यादा असते, अनेकदा पंधरा मिनिटे, आणि सॉफ्टवेअरने ती सोय मान्य केलेली असावी लागते. त्याच फाइलमध्ये एखाद्या गटासाठी ठरावीक परवाने राखून ठेवता येतात किंवा एका गटाने जास्तीत जास्त किती घ्यावेत हे ठरवता येते. राखीव जागा मात्र फार जपून द्याव्यात. राखलेला परवाना कोणी वापरत नसला तरी इतरांना मिळत नाही.

लॅपटॉपवर काही दिवसांसाठी परवाना उसना नेण्याची सोय काही उत्पादने देतात. साइटवर जाणाऱ्या अभियंत्याला ती फार उपयोगी पडते, पण तितके दिवस ती जागा ऑफिसातल्यांसाठी बंद होते, म्हणून उसनवारीची कमाल मुदत आखून द्यावी.

दोन गोष्टी कधीही करू नयेत. लायसन्स सर्व्हरच्या व्हर्च्युअल मशीनची हुबेहूब प्रत काढून, तोच नेटवर्क पत्ता ठेवून, ती पुण्याच्या शाखेत सुरू करणे म्हणजे सहाचे बारा करणे. तो सरळ भंग आहे. दुसरे, करारातले भौगोलिक कलम वाचल्याशिवाय व्हीपीएनने दुसऱ्या शहरातल्या किंवा परदेशातल्या सहकाऱ्याला परवाना देऊ नये. काही परवाने एकाच कार्यस्थळापुरते, काही एका देशापुरते असतात. तांत्रिकदृष्ट्या पोर्ट उघडला की सिंगापूरही जोडले जाते.

‘मोफत’ लिहिलेल्या गोष्टी

सर्वाधिक नकळत भंग मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतात, कारण त्यांचे बिल नसते आणि म्हणून ते कोणाच्या नोंदवहीत येत नाहीत. दुसरा संगणक दुरून हाताळू देणाऱ्या टीमव्ह्यूअरची मोफत आवृत्ती वैयक्तिक वापरासाठी आहे. ऑफिसातल्या प्रिंटरची अडचण तिच्यावरून सोडवणे हा व्यावसायिक वापर होतो. विनरार चाळीस दिवसांच्या चाचणीनंतरही चालत राहते, पण परवानगी चाळीस दिवसांचीच असते. व्हर्च्युअल मशीन चालवणारे व्हर्च्युअलबॉक्स मुक्त स्रोत आहे, त्याचा एक्स्टेन्शन पॅक तसा नाही. प्रोग्रॅमरांचे डॉकर डेस्कटॉप हे साधन व्यवसायात मोफत वापरायचे तर कंपनीत २५० पेक्षा कमी माणसे आणि वार्षिक उलाढाल १ कोटी डॉलरपेक्षा कमी, या दोन्ही अटी पूर्ण व्हायला हव्यात. ऑरॅकलने जानेवारी २०२३ मध्ये जावाची वर्गणी कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर आणली. प्रत्यक्षात किती जण जावा वापरतात, याला त्या मापात जागा नाही. बहुतेक ठिकाणी ओपनजेडीके या जावाच्या मुक्त स्रोत रूपावर आधारलेल्या मोफत आवृत्त्यांनी तेच काम होते, आणि जुनी जावा काढून त्या बसवणे हे माझ्या मते या वर्षी करण्यासारखे सर्वांत फायद्याचे काम आहे.

खऱ्या अर्थाने मुक्त असलेल्या सॉफ्टवेअरला, उदाहरणार्थ लिबरऑफिस किंवा सेव्हन-झिपला, कंपनीतल्या मशीनच्या संख्येची मर्यादा नाही. तिथल्या अटी मुख्यतः आपण ते बदलून पुढे कोणाला दिले तर लागू होतात.

मशीनवर काय आहे ते पाहणे

आता स्कॅन. जीएलपीआय किंवा ओसीएस इन्व्हेंटरी ही मोफत साधने प्रत्येक मशीनवरची यादी आणून देतात. यादी नोंदवहीशी जुळवताना तीन ढीग होतील: कागद आहे आणि वापर आहे, कागद आहे पण वापर नाही, वापर आहे पण कागद नाही. दुसऱ्या ढिगाकडे दुर्लक्ष करू नये, कारण तिसऱ्या ढिगाची भरपाई बऱ्याचदा त्यातूनच होते. नोकरी सोडून गेलेल्यांच्या नावावरची मायक्रोसॉफ्ट ३६५ खाती हे नेहमीचे उदाहरण आहे. एचआरकडून दर महिन्याला सोडून गेलेल्यांची यादी घेऊन ते परवाने मोकळे करावेत. वार्षिक वर्गणीत जागा वाढवताना भानावर असावे, कारण खरेदीनंतरचे पहिले सात दिवस उलटले की वर्ष संपेपर्यंत त्या कमी करता येत नाहीत.

यादी स्वच्छ केल्यानंतर ती तशी राहावी यासाठी सामान्य वापरकर्त्यांचे अ‍ॅडमिन अधिकार काढून घ्यावेत. यावर कुरकुर होते, आणि वरिष्ठांकडून जास्त होते. तरीही ते करावे, आणि त्याबरोबर मागणी आल्यावर त्याच दिवशी उत्तर देण्याची तयारी ठेवावी. सॉफ्टवेअर मिळायला आठवडा लागतो अशा ऑफिसातच क्रॅक फाइली फिरू लागतात. क्रॅकमधून घुसलेला मालवेअर ही वेगळीच डोकेदुखी आहे: सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्र सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा सायबर घटनांची माहिती लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते.

पत्र आल्यावर

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार, बेकायदा प्रत आहे हे माहीत असताना ती संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. कलम ६३ खालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी निट प्रो इंटरनॅशनलच्या प्रकरणात सांगितले. कलम ६९ प्रमाणे कंपनीच्या गुन्ह्यात तिचा कारभार पाहणारी व्यक्तीही जबाबदार धरली जाते. गुन्हा आपल्या नकळत झाला किंवा तो टाळण्यासाठी आपण योग्य ती सर्व काळजी घेतली होती, हे तिला सिद्ध करता आले तर सुटका होते. वर सांगितलेली नोंदवही, दरमहाची जुळवणी आणि अधिकार काढल्याचा लेखी आदेश ही त्या काळजीची साक्ष असते, म्हणून तारीख घालून ती जपावी. दिवाणी बाजूने उत्पादक उच्च न्यायालयात जाऊ शकतो, आणि मुंबई उच्च न्यायालय अशा बौद्धिक संपदेच्या प्रकरणांत कोर्ट रिसीव्हर नेमून जागेवर तपासणी व यादी करवू शकते.

पत्र हाती आल्यावर पहिल्यांदा ते कोणत्या आधारावर आले आहे ते पाहावे. करारातील तपासणीच्या कलमाखाली आलेले पत्र आणि विक्री विभागाने ‘आढावा’ म्हणून पाठवलेला ईमेल यांचे वजन सारखे नसते. पहिल्याला मुदतीत उत्तर देणे बंधनकारक असते, दुसऱ्याला सभ्यपणे लेखी उत्तर देऊन वेळ मागता येतो. दोन्ही बाबतींत एकाच माणसाने बोलावे आणि फोनवर आकडे सांगू नयेत. घाबरून त्या रात्री सगळीकडून सॉफ्टवेअर काढून टाकणे ही सर्वांत वाईट प्रतिक्रिया आहे. काढल्याच्या खुणा मशीनवर आणि लॉगमध्ये राहतात, आणि साध्या तफावतीला पुरावा नष्ट केल्याचे रूप येते. मागच्या तारखेचे बिल देऊ करणाऱ्या डीलरला तर दारातूनच परत पाठवावे.

उत्पादकाची स्कॅन करणारी स्क्रिप्ट चालवण्यापूर्वी ती कोणती माहिती बाहेर नेते ते विचारावे आणि गोपनीयतेच्या करारावर सही घ्यावी. त्यांच्या आकड्यांशेजारी आपल्या नोंदवहीतले आकडे मांडावेत. बंद पडलेली मशीन, दोनदा मोजलेले लॅपटॉप आणि चाचणीच्या आवृत्त्या बहुधा तिथेच गळतात. उरलेली खरी तूट मान्य करून ती भरून काढावी. तडजोडीच्या मजकुरात घेतलेल्या परवान्यांची पूर्ण नावे व संख्या, आणि त्या तारखेपर्यंतच्या वापराबद्दलचा दावा मिटल्याचे वाक्य असल्याशिवाय रक्कम पाठवू नये, आणि पुढच्या तपासणीसाठी किती दिवसांची पूर्वसूचना लागेल, हे त्याच कागदावर वकिलाकरवी लिहून घ्यावे.